साक्षीदारातला क्ष

कोथरूड, ८ जून

दादा,

पंधरा किलोमीटरवर राहणाऱ्या सख्ख्या भावाला टपालानं पत्र पाठवणारी बाई सबंध पुण्यात सध्या मी एकटीच असेन. पण दुसरा इलाज काय ठेवलायस? फोनवर तुला ऐकू येत नाही आणि समोर आले तर तू दार उघडत नाहीस. काल खडकवासल्याला आले होते ती काही धरणावर कणसं खायला नव्हते आले. तू गॅलरीतून मला बघितलंस, मी तुला बघितलं, आणि तू आत जाऊन टीव्हीचा आवाज वाढवलास. ज्याला बातम्या ऐकूच येत नाहीत त्यानं आवाज वाढवून काय साधलं, ते तूच जाणे. इंदुवहिनी फाटकापाशी पाणी घेऊन आली. "वन्सं, राग धरू नगा, त्यांचं डोकं फिरलंय," म्हणाली. मी पाणी प्यायले आणि आल्या रिक्षानं परत आले.

तर आता लिहून सांगते. लिहिलेलं तरी तू शेवटपर्यंत वाचतोस, फौजेची सवय आहे.

रविवारी फोनवर मी म्हणाले ते असं: "तेजसचं नाव साक्षीदारांत आलंय." साक्षीदार. क्षत्रियातला क्ष. तू ऐकलंस साथीदार. पुढचं एक अक्षर न ऐकता "माझ्या पोराला गुन्ह्यातला साथीदार म्हणतेस? आत्या का वैरीण?" असं ओरडलास आणि फोन ठेवलास. तोफखान्यात कान गेले हे मला मान्य आहे, पण सरकारनं दिलेलं मशीन कपाटात ठेवून कान परत येणार आहेत का? ते घातलं असतंस तर हे पत्र लिहावं लागलं नसतं.

आता मुद्द्याचं. त्या बंदरावर बोटीची वाट बघत उभ्या असलेल्या लोकांचं काय झालं ते तूही टीव्हीवर पाहिलंस. ताटावरून उठलास, असं वहिनीनंच मला सांगितलं होतं. युद्ध थांबलं, पण त्याचा जाब कुणाला विचारायचा याचं उत्तर जुन्या कायद्यात धड नव्हतं. मोठ्या देशानं मान हलवली नाही की खटला तिथंच बसायचा. मी तीस वर्षं आंतरराष्ट्रीय कायदा शिकवला आणि दर वर्षी पहिल्याच तासाला मागच्या बाकावरून तोच प्रश्न यायचा: "मॅडम, कुणी ऐकलंच नाही तर काय?" तीस वर्षं मी गोलगोल उत्तर देत आले. आता बऱ्याच देशांनी मिळून नैरोबीत नवं जागतिक न्यायालय बसवलंय. त्याच्या सनदेचा मसुदा ज्या समितीकडे आहे तिच्यात मी आहे, हे तू चार लोकांना अभिमानानं सांगत होतास, मागच्या महिन्यापर्यंत.

त्या सनदेत एक कलम असं आहे की ज्याला साक्षीला बोलावलं त्यानं यायचं. त्याच्या देशानं, मालकानं किंवा घरच्यांनी त्याला अडवायचं नाही. ते मी लिहिलंय. 'घरच्यांनी' हा शब्दही माझाच. साक्षीदाराला नोटीस त्याच्या मातृभाषेत जावी, प्रश्न त्याच भाषेत विचारावेत आणि उत्तर त्याच्याच शब्दांत नोंदवावं, हाही माझाच हट्ट. म्हणून तेजसची नोटीस मराठीत आलीय आणि तिच्यात स्वच्छ साक्षीदार लिहिलंय.

तेजसची कंपनी बंदरावरच्या कॅमेऱ्यांसाठी सॉफ्टवेअर करते, हे तुला माहीत आहे. माल मोजायचा, ट्रक मोजायचे, कामगार मोजायचे. त्या बंदरावर तेच होतं. ती मोजणी ज्यांच्या हाती जायला नको त्यांच्या हाती गेली, त्यांना गर्दी कुठे आहे ते घरबसल्या कळलं, आणि बॉम्ब नेमके तिथंच पडले. कंपनीत कुणाला काय माहीत होतं, एवढंच न्यायालयाला तेजसकडून ऐकायचंय.

तो कुठे आहे ते मला ठाऊक नाही. वाकडच्या फ्लॅटला कुलूप आहे म्हणे. तिशीचा घोडा आहे, कुठे हरवणार नाही. तू मशीन घाल.

तुझी,
हेमा


कोथरूड, १४ जून

दादा,

तुझं उत्तर पोचलं. वहिनी बसनं स्वारगेटला आली आणि हातात देऊन गेली. पत्र कसलं, अहवालच: "एक, पत्र मिळाले. दोन, मुलगा कुठेही जाणार नाही, त्याचा पासपोर्ट माझ्या ट्रंकेत आहे. तीन, ते कलम काढणे. चार, इकडे येऊ नये." खाली सही, आणि सहीखाली सुभेदार मेजर, निवृत्त! बहिणीला हुद्दा कळवलास ते बरं झालं, मी विसरले असते.

'कलम काढणे.' जसं काही तंबूचा खुंटाच आहे. ते मंजूर झालंय दादा, आता निघत नाही. मतदान व्हायचंय ते त्याच्या पुढच्या कलमावर, सत्तावीस तारखेला. आणि तुला हे मी सांगितलं नाही तर दुसरं कुणी सांगेल, म्हणून सांगते. प्रश्न असा आहे: साक्षीदार बोलता बोलता स्वतःचाच गुन्हा कबूल करून बसला, तर त्या शब्दांवरून त्याच्यावर खटला भरता येईल का? मसुद्यात 'येईल' असं आहे. तेही माझंच अक्षर. फेब्रुवारीत मी त्यावर भाषण केलं, की दर युद्धानंतर सगळे साहेब साक्षीदार होतात, एकमेकांकडे बोट दाखवतात आणि सुटतात, तेव्हा ही पळवाट आपण बुजवायलाच हवी. टाळ्या पडल्या. अध्यक्षबाईंनी उठून हात मिळवला. तेव्हा तेजसचं नाव कुठेच नव्हतं.

म्हणजे तू ऐकलंस ते चूक, पण तू घाबरलास ते चूक नाही. मला तेव्हा फोनवर ते कबूल करता आलं नाही.

आणखी एक. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. तेजस माझ्याकडेच आहे. नोटीस आली त्याच संध्याकाळी पाठीवर सॅक लावून आला आणि आतल्या खोलीत शिरला तो तिथंच आहे. वहिनीला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. स्वारगेटला ती तुझं पत्र घेऊन आली तशीच त्याच्यासाठी मेथीचे लाडू घेऊन आली होती. एकट्या तुलाच सांगितलं नाही, कारण तू लगेच गाडी काढून आला असतास आणि त्याला मानगूट धरून घेऊन गेला असतास.

त्याची तब्येत बरी आहे असं वहिनीला सांगते. तुला खरं सांगते. जेवतो चार घास. माझे दोन्ही पंखे दुरुस्त केले, गळका नळ दुरुस्त केला, आता दुरुस्त करायला काही उरलं नाही तर नुसता बसतो. गॅलरीत उभा राहत नाही. खाली सिग्नलला माणसं रस्ता ओलांडायला थांबलेली असतात, ती त्याला बघवत नाहीत. मी विचारलं तर म्हणाला, "आत्या, वरून माणसं अशीच दिसतात." मी पुढे विचारलं नाही. माझीच छाती झाली नाही.

हा साक्षीदार माझा भाचा आहे हे समितीला मी अजून कळवलेलं नाही. कळवलं तर मला बाजूला बसावं लागेल, बोलता येणार नाही आणि मतही देता येणार नाही. नाही कळवलं तर सगळंच करता येईल. तुझ्या तीन नंबरच्या मुद्द्याचा अर्थ तोच आहे, हे मला कळतं. नियम काय सांगतो हेही कळतं. मीच तर शिकवत होते.

हेमा


कोथरूड, १९ जून

दादा,

काल दुपारी बेल वाजली. दारात कंपनीचे वकील, आणि बघते तर माझाच विद्यार्थी निघाला. पियुष. मागच्या बाकावरचा. गोरागोमटा, आता पोट सुटलंय. वाकून नमस्कार केला, बाकरवडीचा खोका टेबलावर ठेवला, "मॅडम, तुम्ही अजिबात बदलला नाहीत" वगैरे झालं. मग बॅगेतून एक कागद काढला.

"मॅडम, एकदम सिंपल आहे. तेजसनं एवढंच लिहून द्यायचं की त्याला त्या दिवसांतलं काही आठवत नाही. मग नैरोबीला जाऊन तो तेवढंच सांगेल. बाकी त्याची काळजी कंपनी घेईल."

मी म्हटलं, "आणि त्याला आठवत असेल तर?"

"मग कंपनीला नाइलाजानं सांगावं लागेल की सॉफ्टवेअरमधला तो बदल त्यानं स्वतःच्या मनानं केला होता. कुणाची परमिशन नव्हती. सिस्टीमवर नाव त्याचंच आहे, मॅडम. आमचा एकही माणूस त्यात दिसत नाही."

दादा, हे तो इतक्या सभ्यपणे बोलला की क्षणभर मला वाटलं, मुलगा मदत करायला आलाय. मी त्याला म्हटलं, न्यायालय काय ते बघून घेईल. तर हसला. "आठवतं का मॅडम? मी तुम्हाला पहिल्याच लेक्चरला विचारलं होतं, कुणी ऐकलंच नाही तर काय? तुम्ही अर्धा तास उत्तर दिलंत. आता इतकी वर्षं प्रॅक्टिस करून मी सांगतो. काही होत नाही."

मी म्हटलं, "दोन्ही घेऊन जा. बाकरवडी तुझ्या बायकोला दे आणि कागद तुझ्या मालकाला."

उठला. दारात बूट घालता घालता, माझ्याकडे न बघता विचारलं, "समितीला माहीत आहे ना मॅडम, साक्षीदार तुमच्या घरी मुक्कामाला आहे ते? नाही, असेलच माहीत. तुम्ही एवढ्या नियमाच्या." आणि लिफ्टनं गेला.

मी भर दुपारी दाराला आतून कडी, वरची खिटी, साखळी, सगळं लावलं आणि तिथंच चपलांच्या स्टँडवर बसले. तेजस आतून आला. सगळं ऐकलं होतं त्यानं. म्हणाला, "आत्या, तू त्याला बाकरवडी तरी ठेवू द्यायचीस." मी हसले आणि मग मला रडू आलं, आणि तो माझ्याशेजारी जमिनीवर बसून राहिला, लहानपणी तू सुट्टी संपवून निघालास की बसायचा तसा.

तू इथं हवा होतास. पियुष तुला बघून जिन्यानंच पळाला असता.

हेमा


कोथरूड, २५ जून

दादा,

अभिनंदन. तुझा तीन नंबरचा मुद्दा मी मान्य केला. काल सकाळी बसून दुरुस्ती लिहून काढली: साक्षीदाराचे शब्द कोणत्याही कारणासाठी त्याच्याविरुद्ध वापरले जाऊ नयेत. एवढंच वाक्य. माझ्या शब्दाला समितीत वजन आहे, मीच मसुदा बदलते म्हटल्यावर निम्मे लोक न बोलता बदलतील. भाच्याचं कळवायचं नाही असंही ठरवलं. पियुष बोंबलला तर नंतर बघू, तोवर कलम झालेलं असेल. मी शांत होते. बाजारात जाऊन तेजससाठी पडवळ आणलं, त्याला लहानपणी आवडायचं.

दुपारी स्क्रीनचा आवाज येईना म्हणून त्याला हाक मारली. त्यानं आवाज सुरू करून दिला, आणि समोर उघडा असलेला कागद वाचला.

"हे माझ्यासाठी लिहिलंयस?"

"मग काय शेजाऱ्यांसाठी?"

"आत्या, उद्या माझा साहेब याच दारातून बाहेर पडेल. त्याचा साहेब त्याच्या मागून. सगळे येतील, रडतील, सांगतील आणि घरी जातील. तूच फेब्रुवारीत बोलली होतीस ना हे? मी ऑफिसात हेडफोन लावून ऐकलं होतं तुझं भाषण."

मग तो बोलायला लागला. इतके दिवस जे बोलला नव्हता ते. तुला कळवू की नको यावर रात्रभर विचार केला. कळवते, कारण तूही तिथं होतास.

आठव, मागची दिवाळी सोडून त्याच्या आदल्या दिवाळीतली भाऊबीज. मी खडकवासल्याला आले होते. वहिनीनं पाट मांडला होता, मी निरांजन लावत होते, आणि तेजस जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप उघडून बसला होता. वहिनी त्याला म्हणाली, "आरं, सनासुदीला तरी ठेव की ते." त्याला निरोप आला होता की संध्याकाळच्या उजेडात धक्क्यावरची माणसं आणि पोती कॅमेऱ्याला वेगळी ओळखता येत नाहीत, ताबडतोब दुरुस्त करा. त्यानं साहेबाला विचारलं, बंदर तर युद्धामुळे बंद आहे, माल येत नाही, कामगार नाहीत, मग माणसं कशाला मोजायची? साहेबानं लिहिलं: क्लायंट आहे, करून टाक.

तो म्हणतो, "आत्या, मला तेव्हाच समजलं होतं. पूर्ण नाही, पण समजलं होतं. पण पाट मांडलेला होता, सगळे थांबले होते, बाबा हाका मारत होते. मी करून टाकलं."

तू पाटावरून त्याला विचारलंस, काय करतोस रे? तो म्हणाला, "माणसं मोजतोय, बाबा." तुला ऐकू गेलं की नाही देव जाणे, तू म्हणालास, "मोज, मोज, मग ये." मी तुला ओवाळलं. त्यानंतर चार दिवसांनी तू ताटावरून उठलास.

म्हणजे दादा, त्याला नुसतं माहीत नव्हतं, त्याच्या हातून झालंय. न्यायालय ज्याला साक्षीदार म्हणून बोलावतंय त्याला स्वतःला तो शब्द सहन होत नाही. नोटिशीवरचा तो शब्द त्यानं अंगठ्यानं झाकून ठेवलेला मी पाहिलाय.

जाताना म्हणाला, "तुझं तू ठरव. मी तुला काही सांगणार नाही." आणि पडवळाची भाजी सगळी संपवली, कित्येक दिवसांनी.

परवा मतदान आहे. मला काहीच सुचत नाही. तू तोफखान्यात गेलास म्हणून मी वकिलीच्या वर्गात बसले, हे मी एक दिवस विसरलेली नाही. तुझ्या कानांवर माझं शिक्षण झालं. त्या शिक्षणानं आता तुझा मुलगा तुरुंगात जाणार असेल तर मी काय करावं, हे तुझ्याकडे मागतेय. कलम काढणे, येऊ नये, असलं उत्तर देऊ नकोस. तू कधी विचार केलास का रे, तुझे गोळे कुठे पडले? तुला नकाशावरचे आकडे द्यायचे. एकदा, फक्त एकदा, दारू प्यालेला असताना तू आईला म्हणाला होतास, "माणसं दिसत नाहीत गं." मी बाहेरच्या खोलीत अभ्यास करत होते. मी ऐकलं होतं.

हेमा


कोथरूड, २८ जून

दादा,

सांगितलं मी.

पडद्यावर बैठक सुरू होताच हात वर केला आणि म्हणाले, एका साक्षीदाराची मी आत्या आहे, तो माझ्या घरी राहतो, आणि हे मी आधीच कळवायला हवं होतं. मग अध्यक्षबाईंनी मला चर्चेतून बाजूला बसायला सांगितलं, आणि माझ्या खिडकीतला आवाज बंद झाला. दुरुस्ती मी दिलीच नाही. ती पुसून टाकली होती, सकाळीच.

मला सगळं दिसत होतं, पण बोलता येत नव्हतं. तासभर माणसं माझ्या भाच्याच्या आयुष्यावर वाद घालत होती, आणि त्यांतल्या निम्म्यांनी माझंच फेब्रुवारीचं भाषण माझ्यापुढे म्हणून दाखवलं. ओठ चावून चावून रक्त आलं. तेजस माझ्या खुर्चीमागे उभा होता, कॅमेऱ्यात येणार नाही असा.

कलम मंजूर झालं. साक्षीदाराचे शब्द त्याच्याविरुद्ध वापरता येतील. अध्यक्षबाईंनी एक ओळ जोडली: तो आपणहून आला आणि खरं बोलला, हे शिक्षा ठरवताना त्याच्या बाजूनं धरलं जाईल. बस. एवढंच मिळालं, दादा, आणि तेही मी मिळवलेलं नाही.

पियुषच्या कंपनीनं आजच निवेदन काढलं की तो बदल एका कर्मचाऱ्यानं परस्पर केला. नाव नाही घातलं. न घालता सगळ्यांना कळेल असं लिहिलंय.

मी तेजसला म्हटलं, आता पासपोर्टच नाही तर प्रश्न मिटला. बाप ट्रंक उघडणार नाही. खरं सांगू? त्या वेळी मी तुझ्या हट्टावर टेकून उभी होते. मनात म्हणत होते, दादा, आता तरी सोडू नकोस. कलम लिहायचं मी, आणि मोडायचं तू, म्हणजे माझे हात स्वच्छ राहतील.

आणि आज सकाळी वॉचमन पाकीट घेऊन आला. "खाली एक म्हातारे साहेब आले होते, स्कूटरवर. वर जा म्हटलं तर नको म्हणाले." पाकिटात पासपोर्ट, आणि तुझी एक ओळ. हुद्दा नाही, सही नाही. "त्याला मोठ्याने बोलायला सांगणे."

वर यायला काय झालं होतं रे? चहा टाकला असता. तेजस चिठ्ठी वाचून धावत खाली गेला, अनवाणी. तोवर तू सिग्नल ओलांडून गेला होतास. त्यानं दोन हाका मारल्या म्हणे. तुझ्या कानात मशीन होतं की नव्हतं, तेवढं मला कळव.

हेमा


नैरोबी, ११ ऑगस्ट

दादा,

आज साक्ष झाली. साक्षीदारांच्या सुरक्षेसाठी सुनावणी टीव्हीवर दाखवत नाहीत, म्हणून तुला काही दिसलं नसणार. वहिनीचे चार फोन येऊन गेले, मी उचलले नाहीत. तिला एवढाच निरोप दिला की तो ठीक आहे, बाकीचं पत्रात. तिला राग आला असेल. पण हे फोनवर सांगण्यासारखं नव्हतं. तू म्हणाला असतास, माझ्या ऐकण्यात चूक झाली.

सकाळी त्यानं तुझा पांढरा शर्ट घातला, वहिनीनं दिलेला. खांद्यात सैल होतो. मला नातेवाइकांच्या बाकावर बसवलं होतं, काचेमागे, कानाला हेडफोन लावून. पलीकडे कंपनीच्या लोकांत पियुष होता. त्यानं मला नमस्कार केला, मीही केला.

तीन न्यायाधीश होते. मधल्या बाईंनी विचारलं, आणि दुभाषी मुलीनं मराठीत सांगितलं: "आपलं नाव सांगा, आणि आपण या न्यायालयापुढे कोण म्हणून आला आहात ते सांगा." हा रिवाजाचा प्रश्न आहे. माझ्याच मसुद्यात आहे. उत्तरही ठरलेलं असतं.

त्यानं नाव सांगितलं. बापाचं नाव सांगितलं, महिपती. मग म्हणाला, "साथीदार."

दुभाषी मुलगी इथंच वाढलेली, मराठी घरात बोलण्यापुरती. तिला वाटलं मुलगा घाबरलाय, चुकला. हळूच म्हणाली, "साक्षीदार ना?"

दादा, मी काचेवर हात ठेवला होता. मला वाटलं, आता हो म्हण. एका अक्षराचा प्रश्न आहे, कुणाला कळणार नाही. कायदा लिहिणाऱ्या बाईला हे वाटलं, लिहून ठेवते.

तो मोठ्याने म्हणाला, इतक्या मोठ्याने की मला काचेतून थेट ऐकू आलं, "नाही. साथीदार."

मुलीनं न्यायाधीशांना सांगितलं. मधल्या बाई पुढे वाकल्या. तुमचा हा शब्द तुमच्याविरुद्ध वापरला जाऊ शकतो, हे तुम्हाला माहीत आहे का, असं विचारलं. तो म्हणाला, "माहीत आहे." मग त्यानं भाऊबीजेपासून सगळं सांगितलं. पोती, संध्याकाळचा उजेड, साहेबाचा निरोप, साहेबाचं नाव, त्याच्यावरच्या साहेबाचं नाव. पाट मांडला होता तेही सांगितलं, आणि ते मुलीला भाषांतर करता येईना, तिला पाट माहीत नव्हता. मग त्यानंच हातांनी जमिनीवर चौकोन काढून दाखवला. पियुषनं मध्ये उठून हरकत घेतली, त्याला बसवलं. दुसऱ्यांदा उठला तेव्हा मधल्या बाई त्याला म्हणाल्या, "इथे ऐकावं लागतं." मला माझा वर्ग आठवला.

संध्याकाळी न्यायालयानं त्याचा पासपोर्ट ठेवून घेतला. ज्या दोन साहेबांची नावं त्यानं घेतली त्यांनाही आता यावं लागेल, आणि खटला तिघांवर चालेल. माझं विमान परवाचं आहे. मी परत येतेय. तो येत नाहीये. किती दिवस, ते कुणालाच सांगता येत नाही. निरोप घेताना म्हणाला, "आत्या, बाबांना सांग, त्यांनी पहिल्यांदाच बरोबर ऐकलं होतं."

म्हणून हे लिहून पाठवतेय, ठळक अक्षरात. साथीदार. थ आहे, क्ष नाही. तुझ्या वाचण्यात काही चूक झालेली नाही.

वहिनीला अजून काहीच माहीत नाही. मी आल्यावर सांगेन असं वाटलं होतं, पण ते माझं काम नाही. तिला शेजारी बसवून हे पत्र तूच वाचून दाखव. मोठ्याने.

हेमा